अंगणातला घडीचा माटव : मजबूत पॉप-अप गझिबो कसा निवडावा

घरात कार्य ठरले की दारासमोर माटव घालण्याची रीत गोव्यात जुनी आहे. पोफळीचे खांब, बांबूचे आडवे दांडे आणि वर माडाच्या चुडतांचे छप्पर अशी त्याची रचना असे. तो घालायला माणसे लागत आणि वेळही लागे. आज बारसे, वाढदिवस, तुळशीचे लग्न अशा घरगुती प्रसंगी त्याची जागा अनेक ठिकाणी घडीच्या गझिबोने घेतली आहे. पिशवीतून काढायचा, चार कोपरे धरून ताणायचा आणि पाय उंच करायचे, की दहा-पंधरा मिनिटांत सावली तयार होते.

या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. जुन्या माटवाचे खांब जमिनीत खड्डे खणून रोवलेले असत, तर गझिबोचे पाय जमिनीवर नुसते टेकलेले असतात. त्यामुळे गझिबोची मजबुती पाहताना कापडाच्या रंगाआधी सांगाडा, सांधे आणि जमिनीशी असलेली बांधणी या तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

आकार आणि जागा

बाजारात सर्वाधिक आढळणारा आकार १० बाय १० फुटांचा, म्हणजे साधारण ३ बाय ३ मीटरचा असतो. बसणाऱ्या प्रत्येक माणसाला खुर्चीसह १० चौरस फूट जागा धरली, तर त्याखाली दहा माणसे नीट बसतात. १० बाय १५ आणि १० बाय २० फुटांचे गझिबोही मिळतात. परंतु लांबी वाढली की मधल्या सांध्यांवरचा ताण वाढतो आणि वाऱ्याला सापडणारे कापडही वाढते. मोठ्या कार्यासाठी एक लांबलचक गझिबो घेण्यापेक्षा दोन चौकोनी गझिबो शेजारी मांडणे पुष्कळदा सोयीचे ठरते. वारा सुटल्यास त्यांतला एक लगेच मिटता येतो.

अंगण मोजताना तुळशीवृंदावन, पायऱ्या आणि छपराच्या वळचणीची धार धरून मोजावे. ताणाच्या दोऱ्यांसाठी प्रत्येक बाजूला निदान एक मीटर मोकळी जागा सोडावी. माडाखाली गझिबो कधीही उभारू नये. पडणारा नारळ कापडाने अडत नाही. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागाही वर्ज्य समजावी, कारण धातूचा सांगाडा उचलून उघडताना तो तारांपर्यंत पोहोचू शकतो.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर ढोबळमानाने ६ किलो भाराइतका दाब देतो. ९ चौरस मीटरच्या छतावर तो सगळा दाब आला, तर एकूण जोर सुमारे ५५ किलोंचा होतो. ताशी ५४ किलोमीटरला तोच आकडा १२५ किलोंच्या आसपास जातो आणि ताशी ७२ किलोमीटरला २२० किलोंवर. प्रत्यक्षातला जोर छताच्या आकारावर आणि वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून कमी-अधिक होतो. परंतु गझिबोचे स्वतःचे वजन बहुधा २० ते ३० किलोच असते, हे लक्षात घेतले की बांधणीवाचून तो टिकणार नाही हे उघड होते.

इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात पणजीसाठी मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. हा वेग पक्क्या बांधकामासाठी आहे. घडीचा कोणताही गझिबो त्याला पुरा पडणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा गोव्यात मोठी झाडे उन्मळून पडली होती. ‘वादळातही टिकणारा’ असा दावा वेष्टनावर असला, तरी त्यावर विसंबू नये.

सांगाडा : पोलाद की ॲल्युमिनियम

पोलादी सांगाडा स्वस्त आणि ताठ असतो. किनाऱ्याजवळच्या गावांत मात्र खारी हवा त्याचा शत्रू आहे. पावडर कोटिंग वरून चांगले दिसते, पण गंज धरतो तो नळाच्या कापलेल्या टोकांना, बोल्टच्या भोकांना आणि आतल्या बाजूने. त्यामुळे पोलाद घ्यायचे असेल तर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा लेप दिलेले आणि त्यावर पावडर कोटिंग केलेले घ्यावे.

ॲल्युमिनियम पोलादासारखे गंजत नाही आणि वजनाला पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश असते. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशच असतो. त्यामुळे त्याचा नळ अधिक रुंद आणि जाड असावा लागतो. ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे षटकोनी पाय आणि १.५ ते २ मिलिमीटर जाडीची भिंत असलेला सांगाडा भरवशाचा असतो. पातळ नळाचा ॲल्युमिनियम गझिबो उचलायला सुखाचा, पण पहिल्याच जोराच्या झोतात वाकणारा असतो.

छताखाली कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या पट्ट्यांची जाळी असते. गझिबो मोडतो तो बहुतेक वेळा याच पट्ट्यांत किंवा त्यांना जोडणाऱ्या कोपऱ्याच्या ब्रॅकेटमध्ये. साध्या प्लास्टिकचे ब्रॅकेट उन्हाने ठिसूळ होतात. जाड नायलॉनचे किंवा ओतीव ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट घ्यावेत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. ॲल्युमिनियममध्ये साधे लोखंडी बोल्ट असले की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या संयोगाने सांधा झपाट्याने झिजतो. मध्ये नायलॉनचा वॉशर असल्यास हा धोका कमी होतो. पट्ट्या, ब्रॅकेट आणि खटके सुटे मिळतात का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे. एक पट्टी मोडल्यामुळे सगळा गझिबो टाकून द्यावा लागू नये.

कापड आणि पाणी

कापडावर ३००, ४२० किंवा ६०० असा डेनियरचा आकडा असतो. ९,००० मीटर सूत जितके ग्रॅम भरते तितका त्याचा डेनियर. आकडा मोठा म्हणजे सूत जाड. परंतु पाणी अडते ते सुतामुळे नव्हे, आतल्या पीयू किंवा पीव्हीसी लेपामुळे. लेप कोणता आहे, शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे का आणि कोपऱ्यांत दुहेरी कापड आहे का, हे पाहावे. पातळ लेप सततच्या घड्यांनी तडकतो आणि पहिली गळती घडीच्या रेषेवर सुरू होते.

पावसात खरा धोका साचणाऱ्या पाण्याचा असतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ९ चौरस मीटरच्या छतावर ४५० लिटर पाणी येते. ते वाहून गेले तर ठीक. परंतु कापड सैल असून एक चौरस मीटर जागेत १० सेंटिमीटर खोल डबके साचले, तर १०० किलो भार एका कोपऱ्यावर लटकतो. म्हणून छताचा उतार तीव्र असावा आणि कापड ताणून बसावे. सरी येण्याची शक्यता असल्यास एका बाजूचे पाय खटक्याने एक-दोन टप्पे खाली घ्यावेत, म्हणजे पाणी त्या बाजूने निघून जाते. गझिबो हे ऑक्टोबर ते मे या काळातले साधन आहे. मृगाच्या पावसापासून नवरात्रापर्यंत तो कायम उभा ठेवणे सांगाड्याला झेपत नाही.

जमिनीशी बांधणी

गोव्यातील अंगणांची जमीन एकसारखी नसते. मऊ मातीत ३० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लोखंडी मेखा बाहेरच्या बाजूला कलत्या ठोकाव्यात आणि दोऱ्या सुमारे ४५ अंशांत ताणाव्यात. जांभ्या कातळात मेख शिरत नाही. तेथे दरवर्षी गझिबो लागणार असेल, तर चार कोपऱ्यांवर सिमेंटमध्ये कडी कायमची बसवून घेणे उत्तम. पेव्हर किंवा लादी असल्यास वजनावरच भिस्त ठेवावी लागते. वाळूत लहान मेखा निरुपयोगी ठरतात. वाळू भरलेली पिशवी खोल पुरून तिला दोरी बांधल्यास पकड मिळते.

२० लिटरची पाण्याची बादली २० किलो भरते. तीच वाळूने भरली तर ३० किलोंच्या आसपास जाते. प्रत्येक पायाला निदान २५ किलो वजन द्यावे आणि ते पायाला घट्ट बांधावे. नुसते शेजारी ठेवलेले वजन सांगाडा उचलला गेल्यावर जागच्या जागी राहते. बाजूचे पडदे लावल्यास वाऱ्याचा आडवा रेटाही वाढतो, म्हणून तेव्हा वजन वाढवावे.

केव्हा मिटावा

लहान झाडे डोलू लागली की वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. त्या वेळी बाजूचे पडदे काढावेत. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारा शीळ घालू लागल्या, की वेग ताशी ४० किलोमीटर ओलांडतो. तेव्हा माणसांना बाहेर काढून गझिबो मिटावा. एप्रिल-मेमधल्या वळिवात आणि परतीच्या पावसात, म्हणजे नेमक्या कार्यांच्या दिवसांत, असे झोत अचानक येतात. आकाशात गडगडाट सुरू झाल्यास गझिबोखाली थांबू नये. विजेपासून तो मुळीच रक्षण करत नाही. पॉलिएस्टरचे कापड आगीत वितळून ठिबकते, म्हणून होम, शेगडी किंवा फटाके त्याखाली वा लगत असू नयेत.

खरेदी आणि निगा

दुकानात गझिबो पूर्ण उघडून पाहावा. एका पायाचा वरचा भाग धरून हलवला असता समोरचा कोपरा लटपटत असेल, तर सांधे सैल आहेत. एकाच धातूच्या आणि आकाराच्या दोन सांगाड्यांत अधिक वजनाचा सांगाडा बहुधा अधिक टिकाऊ असतो. वजनाच्या पिशव्या, दोऱ्या आणि मेखा किमतीत धरल्या आहेत का, हे विचारावे.

उभारताना निदान दोघे, शक्य तर चौघे असावेत. मिटताना पट्ट्यांमध्ये बोटे चिमटतात, म्हणून मुलांना दूर ठेवावे. समुद्राजवळ वापर झाल्यास सांगाडा गोड्या पाण्याने धुऊन पुसावा. कापड ओले असताना घडी केल्यास दोन-तीन दिवसांत बुरशी धरते; पूर्ण वाळवूनच पिशवीत भरावे. पावसाळ्यात पिशवी जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या खोलीत ठेवावी. चवथीनंतर एकदा उघडून बोल्ट, खटके आणि शिवणी पाहून घेतल्या, की तुळशीच्या लग्नाला गझिबो निर्धास्तपणे उभा करता येतो.