आवळत्या खडकातील बोगद्यांचे आधार

दुबळा खडक आणि माथ्यावर शेकडो मीटर डोंगर, अशा जागी बोगदा खणला की त्याच्या भिंती, छत आणि तळ हळूहळू आत सरकू लागतात. खोदकाम थांबले तरी हे सरकणे थांबत नाही. ते आठवडे, महिने, कधी वर्षे चालते. अशा खडकाला अभियंते ‘स्क्वीझिंग रॉक’ किंवा आवळता खडक म्हणतात. पाणी शोषून आकारमान वाढणारा फुगणारा खडक निराळा. कार्ल तेर्झागी यांनी 1946 मध्ये खडकांची वर्गवारी करताना हे दोन प्रकार वेगळे मांडले. प्रत्यक्षात मात्र एकाच बोगद्यात दोन्ही भेटू शकतात.

डोंगराच्या पोटातील खडक चारी बाजूंनी दाबलेला असतो. बोगद्यासाठी काही खडक काढला की त्याने पेललेला ताण पोकळीच्या कडेच्या खडकावर येतो. ग्रॅनाइटसारखा खडक तो सहज सोसतो. फायलाइट, ग्राफाइटयुक्त सुभाजा, शेल किंवा विभंगपट्ट्यातील चुरा यांना तो सोसत नाही; त्यांचे कडेचे थर मोडतात, ताण आणखी मागच्या थरांवर जातो आणि मोडलेल्या खडकाचे वलय रुंदावत जाते. बोगद्याच्या व्यासाच्या तुलनेत तो किती टक्के आवळला, यावरून अडचणीची तीव्रता ठरवतात. एव्हर्ट होक आणि पॉल मारिनोस यांच्या 2000 सालच्या मांडणीनुसार 1 टक्क्यापर्यंत विशेष चिंता नसते, 2.5 टक्क्यांपुढे परिस्थिती गंभीर होते आणि 10 टक्क्यांपुढे अतिगंभीर. 10 मी. रुंद बोगद्यात 5 टक्के म्हणजे अर्धा मीटर. आगाऊ अंदाजासाठी रुडकीच्या भवानी सिंग व सहकाऱ्यांनी हिमालयातील बोगद्यांवरून 1992 मध्ये एक सोपे सूत्र दिले : खडकाचा दर्जा दाखवणाऱ्या ‘क्यू’ या गुणांकाचे घनमूळ काढून त्याला 350 ने गुणावे, माथ्यावरचा डोंगर त्याहून अधिक मीटर उंच असेल तर खडक आवळेल असे समजावे. क्यू 1 असेल तर ही मर्यादा 350 मी., आणि 0.1 असेल तर जेमतेम 160 मी.

आधार रचताना पहिला मोह असतो तो अधिक जाड, अधिक ताठर आधाराचा. तो बहुधा महागात पडतो. येथे आधारावर येणारा भार आधीपासून ठरलेला नसतो. खडकाला किती आत येऊ दिले, यावर तो ठरतो. खोदकामाच्या तोंडाशी लगेच ताठर कमानी उभारल्या तर जवळजवळ सगळा दाब त्यांच्यावर येतो आणि पोलाद वाकते. उलट खडकाला मोकळे सोडले तर तो सैल होऊन कोसळतो. म्हणून आधाराने प्रतिकार करत करत मागे सरकले पाहिजे. ऑस्ट्रियाचे लाडिस्लाउस फॉन राब्सेविच यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव ऑस्ट्रियन पद्धतीचा गाभा हाच आहे : फवारलेल्या काँक्रीटचा पातळ थर, खडकबोल्ट, आणि रोजच्या मोजमापावरून पुढचा निर्णय. मोजमापाशिवाय ही पद्धत नावापुरतीच उरते.

मागे सरकणारा आधार निरनिराळ्या प्रकारे साधतात. जर्मन कोळसाखाणींतून आलेल्या सरकत्या पोलादी कमानींचे तुकडे एकमेकांत बसवून पकडींनी आवळलेले असतात. भार ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ते एकमेकांवर घसरतात. ऑस्ट्रियातील टाउएर्न आणि आर्लबर्ग या रस्ताबोगद्यांत 1970 च्या दशकात फवारलेल्या काँक्रीटच्या अस्तरात बोगद्याच्या लांबीच्या दिशेने फटी सोडल्या. अशी फट मिटेपर्यंत त्या जागी प्रतिकार जवळजवळ नसतो; पुढे तेथे चेपले जाणारे पोलादी नळकांडे बसवू लागले. आत येणाऱ्या खडकासाठी जागा हवी म्हणून खोदकाम मुळातच मोठे करावे लागते. तळाशी उलटी कमान घालून वलय पूर्ण केले नाही तर तळ उचलला जातो. एकूण सरकण्यातील सुमारे तिसरा हिस्सा तर खोदकामाचे तोंड त्या जागी पोचण्याआधीच घडून गेलेला असतो; म्हणून इटलीत तोंडाच्या खडकातच काचतंतूंचे लांब दांडे घालण्याची पद्धत रुळली. ते यंत्राने सहज कापता येतात.

व्हेनेझुएलातील याकांबू-कीबोर हा 24.3 किमी.चा पाण्याचा बोगदा या विषयाचा पाठच आहे. ग्राफाइटयुक्त फायलाइट, माथ्यावर सुमारे 1,270 मी. डोंगर. काम 1976 मध्ये सुरू झाले. सुट्टीत थांबवलेले एक बोगदायंत्र 1979 मध्ये खडकाने आवळून अडकवले आणि ते सोडून द्यावे लागले. पुढे वर्तुळाकार छेद आणि सरकते सांधे असलेल्या कमानी वापरून 2008 मध्ये दोन्ही टोके भेटली. स्वित्झर्लंडच्या गोट्टहार्ड पायथ्याच्या बोगद्यात (57 किमी., 2016) सेड्रुनजवळच्या चुरडलेल्या पट्ट्यात अशाच कमानी वापरल्या. फ्रान्समधील सें-मार्तें-ला-पोर्त येथील उपबोगदा 2 मी.पर्यंत आवळला.

भारतातील जुने आणि बोधप्रद उदाहरण यमुना जलविद्युत योजनेतील छिब्रो-खोदरी बोगद्याचे. क्रोल आणि नाहन या विभंगांच्या दरम्यानच्या लाल शेलमध्ये 7.5 मी. व्यासाचा बोगदा टिकेना, तेव्हा त्या टप्प्यात 4.5 मी. व्यासाचे तीन बोगदे काढण्याचे ठरले. आधार बळकट करण्याऐवजी पोकळीच लहान करण्याचा हा निर्णय शहाणपणाचा होता. मात्र रस्ता व रेल्वेच्या बोगद्यांत ही मुभा क्वचितच असते.

सह्याद्रीतील बेसाल्ट मजबूत, आणि बोगद्यांवरील डोंगराची उंची मर्यादित. त्यामुळे महाराष्ट्रातील बोगद्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. कोकण रेल्वेच्या गोव्यातील पेडणे बोगद्याने दिलेला त्रास पाण्याने भिजलेल्या मऊ मातीचा होता. तेथील उपाय वेगळे, आणि आवळत्या खडकाचे आडाखे त्याला लावू नयेत.