भिंतीवरचा दुष्काळ

मराठीत आपण 'तसबीर' म्हणतो. विठोबाची तसबीर, शिवाजी महाराजांची तसबीर, वडिलांची हार घातलेली तसबीर. शब्द मुळात अरबी, 'तस्वीर'. फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि मराठीने त्याच्या 'व'चा 'ब' करून त्याला घरात घेतले. गंमत अशी, की ज्यांच्या धर्मभाषेतून हा शब्द आला त्यांच्या घरात तसबीर लावावी की नाही यावर शेकडो वर्षे वाद चालू आहे, आणि जिथे तो पाहुणा म्हणून आला तिथे थेट देवघरात जाऊन बसला.

आमचे जाफराबाद केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. जाफरखानाच्या नावावरून गावाला हे नाव पडले. इथल्या जुन्या माळवदाच्या घरांत खिडक्या कमी आणि भिंती जाड. त्या भिंतींवर, अगदी आढ्याला लागून, तसबिरींची रांग असे. वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या, म्हणजे खाली सतरंजीवर बसलेल्या माणसाला मान फार वर न करता दिसाव्यात. एका घरात विठ्ठल-रुखमाई, शेजारच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. आमच्या मोहल्ल्यात मक्का-मदिनेचे रंगीत चित्र आणि काळ्या मखमलीवर जरीने काढलेली आयत. माणसांचे फोटो आमच्याकडेही असत, पण ते पेटीत, कपड्यांच्या घड्यांखाली. घरात तसबीर असली की फरिश्ते आत येत नाहीत, असे मोठी माणसे सांगत. ती फोटो फाडून टाकत नसत, हेही सांगितले पाहिजे. पेटी उघडली की कापराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर आधी फोटोच बाहेर निघत.

या वादाचे उत्तर मला कुणा आलिमाकडे मिळाले नाही. ते एका किताबात मिळाले. किताब म्हणजे पुस्तक नव्हे, पदवी. लाला दीनदयाळ हे त्या माणसाचे नाव. १८४४ साली मीरतजवळच्या सरधना इथे एका जैन कुटुंबात जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षण, मग इंदूरला बांधकाम खात्यात नक्शानवीस. नोकरी करता करता कॅमेरा हाती आला आणि नोकरी सुटली. १८८० च्या दशकाच्या मध्यास ते हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना १८९४ मध्ये 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. 'जंग' हे हैदराबादच्या सरदारांच्या किताबांतले नेहमीचे शेपूट. पण 'मुसव्विर' म्हणजे तसबीर घडवणारा, आणि अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक नाव 'अल-मुसव्विर' आहे, आकार देणारा. एका मुसलमान राजाने एका जैन कारागिराला, कॅमेऱ्याच्या करामतीसाठी, या नावाच्या इतका जवळचा शब्द बहाल केला. दरबारातल्या मौलवींनी त्यावर भुवया उंचावल्या असतील तर असोत. मी कवी आहे, मला हा शब्द पुरतो.

दीनदयाळांनी आणखी एक गोष्ट केली. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. कॅमेऱ्यामागे बाई, केनी-लेव्हिक नावाच्या एक इंग्रज बाई त्याच्या प्रमुख होत्या. पुरुषाची सावलीही आत येणार नाही अशी व्यवस्था होती. म्हणजे ज्या बेगमांना परक्या डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांना कागदाने पाहिले. पुढे तो कागद कुठल्या पेटीत गेला, कुठल्या भिंतीवर गेला, हे ज्याच्या त्याच्या घरावर राहिले.

आमच्यासारख्या गावांत मात्र फोटो म्हटला की बहुधा निजामाचाच. तो भिंतीवर चढला आणि उतरला त्याचीही तारीख आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि मराठवाड्यातल्या भिंतींवरच्या कितीतरी खुंट्या मोकळ्या झाल्या. काचेची चौकट मात्र कुणी फेकत नाही, ती महाग असते. जुन्या चौकटीची काच बदलायला घेतली की मदिनेच्या चित्रामागे, किंवा गांधीजींच्या मागे, जाडी यावी म्हणून ठेवलेला आधीचा कागद निघतो. मी अशा दोन चौकटी स्वतः उघडलेल्या आहेत. एकीत निजाम निघाले, दुसरीत साबणाची जाहिरात. आमच्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्याने दप्तरखान्याबरोबर फ्रेमवाल्याच्या दुकानातही बसावे, असे मला कधी कधी वाटते.

कॅमेरा या भागात आला तो मुळात आमच्यासाठी नव्हे. तो लेण्यांसाठी आला. जाफराबादहून भोकरदन, सिल्लोड करीत अजिंठ्याला जाता येते. तिथे मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नेमला, भित्तिचित्रांच्या नकला करायला. त्याने वर्षानुवर्षे तैलरंगांत नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पण तोवर गिलच्या हाती दुसरे हत्यार आलेले होते. १८५६ च्या सुमारास तो छायाचित्रे काढू लागला. तो काळ ओल्या काचेचा. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आमच्याकडच्या उन्हात ओले काही किती वेळ ओले राहते, हे मी सांगायला नको. कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे, त्यावर सूर्यप्रकाशात छाप उठे. गिल दोन डोळ्यांचा, म्हणजे स्टीरिओ कॅमेराही वापरी. त्याची जोडचित्रे खास भिंगातून पाहिली की खांबामागचा खांब खरोखर मागे सरकतो. १८६४ मध्ये लंडनला जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक निघाले.

त्या काळचे छायाचित्रकार देवळाची, लेण्याची उंची कळावी म्हणून खांबाशी एखादा माणूस उभा करीत. हमाल, राखणदार, गावातला कुणी रिकामा पोरगा. खांबाचे वर्णन मजकुरात असे, त्या माणसाचे नसे. तो फूटपट्टी म्हणून आलेला असे. अशी चित्रे पाहताना माझी नजर खांबावर ठरत नाही. तो माणूस त्या दिवशी काय खाऊन आला होता, त्याला हलू नको म्हणून कुणी आणि कोणत्या भाषेत सांगितले, घरी गेल्यावर त्याने बायकोला काय सांगितले, हे सारे माझ्यापुढे उभे राहते. फोटोतून कविता कशी सुचते असे मला मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत पोरे विचारतात. मी त्यांना म्हणतो, फोटोत जे नीट दिसते ते फोटोवाल्याचे. चौकटीने जे कापले ते कवीचे.

याचे थोर उदाहरण आमच्याच मातीत आहे. अजिंठा गावात पारोची कबर आहे. गिलची ती सखी, इथलीच. कबरीवर तिच्या मृत्यूची तारीख आहे, २३ मे १८५६. म्हणजे गिल कॅमेऱ्याकडे वळला त्याच सुमारास पारो गेली. पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. महानोरांपुढे होती ती कबर, लोकांच्या तोंडच्या गोष्टी, आणि लेण्यांतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या बाया. त्यांच्या शब्दांनी पारोला चेहरा दिला. पुढे २०१२ मध्ये नितीन देसाईंनी त्यावर चित्रपट काढला, तेव्हा तिला पडद्यावर रंगही आला. ऑगस्ट २०२३ मध्ये हे दोघेही गेले, देसाई दोन तारखेला आणि महानोर तीन तारखेला. त्या आठवड्यात पारो मला पुन्हा एकदा पोरकी झाल्यासारखी वाटली.

आता पुन्हा दीनदयाळांकडे येतो, कारण माझ्या घरातल्या एका भांडणाचे मूळ तिथे आहे. राजवाडे, शिकारी, व्हाइसरॉयच्या मेजवान्या टिपणाऱ्या त्यांच्या स्टुडिओने औरंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बाजूच्या, दुष्काळाचीही छायाचित्रे काढली. हा १८९९-१९०० चा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ होते, म्हणून जुनी माणसे त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. आमचा सारा भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता, जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. निजाम सरकारने रयतेसाठी काय केले, हे दाखवायला ती चित्रे होती. अशा चित्रांच्या अल्बममध्ये सरकारी कामाचे नाव मोठ्या झोकात लिहिलेले असते. बरगड्या मोजता येतील अशा माणसांची नावे लिहिण्याचे कुणाला सुचत नाही.

त्यांतल्या एका चित्राची छापील नक्कल मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मिळाली. मी ती काचेत बसवून बैठकीच्या खोलीत लावली. लिहायला बसलो की समोर ती माणसे. सबंध घर विरोधात गेले. बायको म्हणाली, पाहुणे येतात, चहा पितात, त्यांच्या घशाखाली घोट उतरायचा नाही. शेजारचे एक गुरुजी म्हणाले, अहो, सूर्यास्त लावा, हंस लावा, हे काय अभद्र. मला वाटत होते, दादी तसबिरीच्या मनाईचे काढील. ती तेव्हा सत्तरीच्या पुढची. तिने आधी एकच विचारले, "भूक कू कायकू टांगा रे घर में?" मग काठी टेकत जवळ गेली, काचेला नाक लावून बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, "इनके नांव क्या?"

मी म्हणालो, नावे कुणी लिहिलेली नाहीत.

"बिना नांव के लोगां कू घर में नको रख."

दादी १९७२ च्या दुष्काळात खडीकेंद्रावर होती, माझ्या आईबरोबर. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दोघींनी दगड फोडले. मी तेव्हा आईच्या कडेवरचा, मला काही आठवणे शक्य नाही. फोटो उतरवायचा की ठेवायचा हा प्रश्न चार-आठ दिवस लोंबकळला. मग एका दुपारी दादी आपण होऊन त्याच्यासमोर बसली आणि बोट ठेवून एकेकाला नाव देऊ लागली. हा अमका, वडारवाड्यातला. ही तमकी, हिचे मूल कामावरच झाले. ही दुसरी, मुकादम हजेरी खायचा म्हणून हिने त्याला पाटी फेकून मारली होती. छप्पनच्या माणसांना ती बहात्तरची नावे देत होती. त्यांत हिंदू, मुसलमान, महार, वडार, सगळे होते. खडीकेंद्रावर पाण्याचा माठ वेगळा होता का, असे मी मध्येच विचारले. ती म्हणाली, माठच नव्हता.

त्या नावांची माझी एक कविता झाली. तिच्यात दुष्काळ हा शब्द एकदाही नाही. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा ती कविता मी गावोगाव वाचली. लोक ऐकत आणि नंतर जवळ येऊन विचारत, ती पाटी फेकणारी कोणत्या गावची होती?

या साऱ्याला एक जोडकथा आहे, ती फोटो मोठा करून देणाऱ्यांची. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला. कुणाचा हजच्या कागदांसाठी, कुणाचा १९९३ नंतर आलेल्या मतदार ओळखपत्रासाठी. माणूस गेले की पोरगा तो एवढासा फोटो घेऊन स्टुडिओत जातो. पूर्वी तिथे ब्रशने काम करणारे कारागीर असत, नंतर कॉम्प्युटर आला. दोघांची आवड सारखीच. जन्मभर बंडी घातलेल्या आजोबांना निळा कोट आणि टाय. कपाळावरच्या आठ्या साफ. मागे काश्मीरचा तलाव. मराठवाड्यातल्या भिंतींवर कोट घातलेले जितके शेतकरी आहेत तितके विलायतेतही नसतील. मी यावर पूर्वी हसत असे, आता तेवढे हसू येत नाही. ज्या पोराने बापाला कोट कधी शिवून दिला नाही, त्याने तो मेल्यावर घातला, इतकेच. शिंप्याचे काम स्टुडिओवाल्याने केले.

दादीचा फोटोही ओळखपत्रावरचाच, डोळे अर्धवट मिटलेले. मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओतला पोरगा म्हणाला, सर, डोळे उघडून देतो, सुरकुत्या काढतो, अंगावर शालू टाकतो, दोनशे रुपये जास्त. मी म्हणालो, आहे तसाच दे. तो जरा नाराज झाला, त्याच्या हाताला काही कामच उरले नाही. तो फोटो आता बैठकीत छप्पनच्या माणसांशेजारी लावलेला आहे. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तिचे नाव, माहेरचे गाव आणि ती ज्या खडीकेंद्रावर होती त्याचे नाव लिहिले आहे. शाईपेक्षा पेन्सिल बरी, ओल आली तरी फुटत नाही. नमाज आम्ही आतल्या खोलीत पढतो.