उद्घाटक चर्चेत, कादंबरी बाहेर

ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात 11 ते 13 जानेवारी 2019 ला भरलं, आणि ते भरण्याआधीच महाराष्ट्र एका कादंबरीकार बाईंवरून दुभंगला. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांना विरोध झाला, संमेलन उधळण्याचे इशारे आले, यजमानांनी निमंत्रण मागं घेतलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला, काही निमंत्रितांनी येण्याचं नाकारलं. या धुमश्चक्रीत बाईंनी लिहिलंय काय, हा प्रश्न फारसा निघालाच नाही. तो निघाला असता तर भांडण मिटलं असतं असं नाही. पण निदान ते यवतमाळचं भांडण झालं असतं.

विरोधाचं पहिलं कारण, बाई इंग्रजीत लिहितात. ते टिकणारं नाही. आदल्याच वर्षी बडोद्याच्या संमेलनाचं उद्घाटन गुजराती कादंबरीकार रघुवीर चौधरी यांनी केलं, तेव्हा मराठीचं काही बिघडलं नाही. शिवाय सहगल यांचे वडील, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी अनुवादक रणजित पंडित, मूळच्या कोकणातल्या घराण्याचे. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: 2015 मध्ये त्यांनी साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता, त्या येणार त्या राजकारण बोलायलाच. बोलल्या असत्याच. पण मराठी संमेलनाच्या इतिहासात अभिमानानं सांगितली जाणारी एक आठवण 1975 च्या कऱ्हाडची आहे, जिथे अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आणीबाणीला उघड विरोध केला. आणि परत केलेला तो पुरस्कार ज्या कादंबरीला मिळाला होता, ती ‘रिच लाइक अस’, आणीबाणीवरचीच आहे. लेखिका इंदिरा गांधींची सख्खी आतेबहीण, हे लक्षात घेतलं की त्या लिहिण्याची किंमत कळते.

पुस्तक सोपं नाही. निवेदन अर्धं सोनाली या सनदी अधिकारी बाईच्या तोंडून, अर्धं तृतीयपुरुषी, लंडनहून सवत म्हणून आलेल्या रोज या बाईभोवती. मधेच फाळणी, मधेच आजोबांनी लिहून ठेवलेली सतीची हकिगत. वाचक वैतागतो. दिल्लीच्या सुखवस्तू घरांचं हे जग आपलं काय लागतं, असं कुणी विचारलं तर तो आक्षेप मी खोडणार नाही. मात्र यातल्याच एका घराबाहेर हात तोडलेला एक भिकारी बसतो. तो मूळचा बटईनं शेत कसणारा. पिकातला हक्काचा वाटा मागितला म्हणून त्याचे हात गेले. कापसाच्या मुलखात हे पात्र वाचून दाखवायला दुभाषी लागला नसता. कादंबरी 1985 ची, पुरस्कार 1986 चा. त्याच 1986 च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्याच चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पवनारजवळ बायकापोरांसह जीवन संपवलं. लेखिकेला चिलगव्हाण ठाऊक होतं असं मला म्हणायचं नाही. या दोन गोष्टी एका मांडवात शेजारी ठेवता आल्या असत्या, एवढंच.

यावर उत्तर तयार असतं: अखेर उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याच्या विधवेनं केलं, मग कादंबरीतल्या भिकाऱ्याची गरज काय? येडे यांना व्यासपीठ मिळालं हे चांगलंच झालं, आणि त्या कुणाच्या बदली म्हणून नव्हे तर स्वतःच्या अधिकारानं बोलल्या. पण एक बाई बोलली म्हणून दुसरीचं ऐकायला नको, हा हिशेब कुणी मांडला? विधवेची साक्ष आणि कादंबरीची साक्ष वेगळी असते: पहिलीपुढे मान खाली जाते, दुसरीशी वाद घालता येतो. उद्घाटनाच्या वेळी मंडपात काही जणींनी सहगल यांचे मुखवटे चढवले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आलं.