रस्ता अपघात प्रतिबंध आणि अपघातग्रस्त साहाय्य (महाराष्ट्र)

रस्त्यांवरील जीवितहानी टाळण्याचे उपाय, तसेच जखमींना व मृतांच्या कुटुंबीयांना मिळणारे वैद्यकीय, आर्थिक आणि कायदेशीर साहाय्य यांचा समावेश या विषयात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख लोक रस्ता अपघातांत मृत्युमुखी पडतात. त्यांपैकी ९२ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतात २०२२ साली ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील व्यक्ती होत्या.

ग्रामीण भागातील स्वरूप

नांदेड जिल्ह्यातील माहूर परिसर हे ग्रामीण भागातील प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. रेणुकादेवी, दत्तशिखर व अनसूया माता ही देवस्थाने डोंगरांवर असल्याने भाविकांना वळणांच्या घाटरस्त्याने जावे लागते. नवरात्र, दत्तजयंती आणि श्रावण पौर्णिमेच्या परिक्रमेच्या वेळी मराठवाडा, विदर्भ व तेलंगणातून मोठी गर्दी होते. यात्राकाळात गडावर एसटी बसगाड्या सोडल्या जातात. त्यामुळे घाटातील खासगी वाहनांची संख्या कमी राखता येते. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या सखल भागात ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. मागील बाजूस परावर्तक पट्ट्या (रिफ्लेक्टर) नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास उशिरा दिसते.

माहूर येथे ग्रामीण रुग्णालय व किनवट येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय माहूरपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णासाठी हे अंतर निर्णायक ठरू शकते.

प्रतिबंधक उपाय

वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढल्यास प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून वेगमर्यादा, हेल्मेट, सीटबेल्ट आणि मद्यपी चालकांवरील कारवाई हे मूलभूत उपाय मानले जातात. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यास ती जागा अपघातप्रवण स्थळ (ब्लॅक स्पॉट) ठरते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्याच वर्षी तेथे ‘शून्य मृत्यू मार्ग’ उपक्रम सुरू झाला. संरक्षक कठडे, धोकादायक खांबांभोवतीचे संरक्षण, कायद्याची अंमलबजावणी व तातडीची वैद्यकीय सेवा यांचा एकत्रित अवलंब केल्यानंतर पुढील वर्षांत मृत्यूंची संख्या घटली. चालकाच्या हातून चूक होणार हे गृहीत धरून रस्ता बांधावा, हा या पद्धतीचा गाभा आहे. स्वीडनने १९९७ साली हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले.

तातडीचे साहाय्य

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ वाहनांसह सुरू झाली. कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (१९८९) दिला. जखमीला मदत करणाऱ्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ अन्वये संरक्षण असून, नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५मध्ये अधिसूचित केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत व १.५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात.

नुकसानभरपाई

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस अर्ज करू शकतात. अपघातस्थळाबरोबरच अर्जदाराच्या निवासक्षेत्रातील न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो. त्यामुळे कामासाठी परजिल्ह्यात गेलेल्या मजुराचा तेथे मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबाला आपल्याच जिल्ह्यात न्याय मागता येतो. २०१९च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

धडक देऊन पळालेले वाहन न सापडल्यास, १ एप्रिल २०२२पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. यासाठी अपघात घडलेल्या भागातील महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी वा तहसीलदाराकडे, अर्ज करावा लागतो. या तरतुदी ठाऊक नसल्यास पात्र कुटुंबेही भरपाईपासून वंचित राहू शकतात.

स्मृतिदिन

नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्ता अपघातांतील मृतांचा जागतिक स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यास २००५ साली मान्यता दिली.