लग्नगड्याचा पणतू आणि जोखमीचा तास

एमएच्या पहिल्या सत्रात आमच्याकडून रिंगा फेकण्याचा खेळ करून घेतला होता. वर्गाच्या एका टोकाला लाकडी खुंटी आणि प्रत्येकाच्या हातात चार रिंगा. कितीही अंतरावर उभे राहा आणि रिंग खुंटीत टाका, एवढाच नियम. पुण्या-मुंबईची मुलं चार-पाच पावलं मागे सरकली. एक पठ्ठ्या तर थेट दारापाशी गेला. मी खुंटीजवळ उभा राहिलो आणि चारही रिंगा आत टाकल्या.

मला वाटलं, जिंकलो. सरांनी फळ्यावर लिहिलं की फार लांब उभा राहणारा जुगारी, फार जवळ उभा राहणारा भित्रा आणि मधे उभा राहणारा उद्योजक. विषय होता तंत्रज्ञान-उद्योजकता, पदवी पदव्युत्तर, आणि मी वेवजीचा. वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना लोकलमध्ये एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. रिंग चुकली तर ती उचलून आणायची कोणी?

हा खेळ कुठून आला ते शोधत गेलो आणि इतिहासात अडकलो. डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९६१ साली त्यांचं 'द अचीव्हिंग सोसायटी' हे पुस्तक आलं. काही समाज पुढे जातात, कारण तिथल्या माणसांत काहीतरी करून दाखवायची ऊर्मी जास्त असते, असं त्यांचं म्हणणं. ही ऊर्मी शिकवता येते का, हे तपासायला ते भारतात आले. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाडा गावच्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत नेऊन प्रशिक्षण दिलं. चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट लिहायला सांगायची आणि गोष्टीतला नायक धडपडतो की नशिबाला बोल लावतो, ते मोजायचं. प्रशिक्षण घेतलेल्यांनी नंतर जास्त धंदे उभे केले, असा निष्कर्ष १९६९ च्या पुस्तकात निघाला. आज उद्योजकता शिबिरात खेळवले जाणारे बरेच खेळ याच घराण्यातले आहेत.

पण काकीनाड्याहून गेलेली माणसं आधीच व्यापारी होती. त्यांच्याकडे दुकान होतं, गल्ला होता, बाजारात पत होती. ज्याच्याकडे गमवायला थोडं शिल्लक असतं, तोच चार पावलं मागे सरकू शकतो. हे मला तेव्हा वर्गात बोलता आलं नाही.

आता माझ्या गावाबद्दल. वेवजी तलासरी तालुक्यात आहे, गुजरातला अगदी चिकटून. पलीकडे सोळसुंबा, आणि थोडं पुढे उंबरगावची जीआयडीसी. हद्द नेमकी कुठे, यावरून दोन्ही गावांत वाद आहे. १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. १ मे रोजी दोन राज्यं झाली, बराचसा तालुका गुजरातेत गेला आणि आमची बाजू महाराष्ट्रात राहिली. आमच्या पाड्यावरची निम्मी तरुण मुलं सकाळी डबा घेऊन पलीकडच्या कारखान्यांत जातात. राज्य बदलतं, शिफ्ट तीच राहते.

गंमत अशी की उद्योजकतेच्या शिक्षणाचा भारतातला महत्त्वाचा धडा त्या पलीकडच्या राज्यातच लिहिला गेला. १९७० च्या सुमारास गुजरातच्या सरकारी महामंडळांनी तंत्रज्ञांसाठी एक योजना काढली. हातात कसब आहे, पण तारण ठेवायला काही नाही, अशा माणसाला शंभर टक्के भांडवल कर्जाऊ द्यायचं. पाठोपाठ प्रशिक्षण सुरू झालं. त्यातून १९८३ साली अहमदाबादला उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि डॉ. व्ही. जी. पटेल तिचे पहिले संचालक झाले. आमच्या अभ्यासक्रमात या संस्थेवर एक अख्खं प्रकरण आहे, पण तारणाशिवाय कर्ज दिल्याची बाब त्यात एका ओळीत उरकली आहे. मला तीच ओळ मुख्य वाटते. आधी सरकारने जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली आणि मग लोकांना जोखीम घ्यायला शिकवलं.

अमेरिकेतही असंच दिसलं. हार्वर्डमध्ये उद्योजकतेचा पहिला अभ्यासक्रम मायल्स मेस यांनी १९४७ साली शिकवला. समोर बसलेले बहुतेक विद्यार्थी महायुद्धावरून परतलेले सैनिक होते. १९४४ च्या कायद्याने अशा सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता आणि धंद्याच्या कर्जालाही सरकारची हमी होती. रिंग चुकली तर उचलून आणणारा मागे उभा होता.

आणि आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर? त्यांची गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली नोकरी सोडली, बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे नांगर पडून राहिले. तरी हा माणूस हटला नाही. हे सगळं खरं आणि मोठंच आहे. पण बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली, भांडवलाला हात दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना तर लोकांकडून एकेक पैसा जमवून १९०८ साली उभा राहिला. अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून तो निधी गोळा करत. तो कारखाना म्हणजे शाळाही होती, तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. भांडवल हजारो लोकांचं, म्हणून बुडालं तरी प्रत्येकाचा एकच पैसा बुडणार. एवढी हुशार रचना मला कुठल्याच स्टार्टअपच्या सादरीकरणात दिसलेली नाही.

माझ्या घरात मात्र कर्ज या शब्दाला दुसराच इतिहास आहे.

माझे पणजोबा लग्नगडी होते. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायची, पोटापुरत्या धान्यावर. हिशोब सावकाराच्या वहीत असल्यामुळे कर्ज फिटत नसे. बापाचं मुलावर येई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारी अहवालात या प्रथेची नोंद केली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तर ती पानोपानी भेटते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे झरीचे माह्या धांगडा गेले होते. झरी आमच्याच तालुक्यातलं गाव. २३ मे १९४५ रोजी त्याच झरीत हजारो वारली जमले आणि ठरलं, वेठ करायची नाही आणि बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. त्यानंतर लग्नगडी मोकळे होऊ लागले. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, मोठा व्यापार होता. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला एका 'उद्योजकीय निर्णया'वर निबंध लिहायचा होता. मी गवताचा संप घेतला. माल नाशवंत, हंगाम छोटा, खरेदीदार शहरात आणि कापणारे हात फक्त आमचे. या चार गोष्टी ओळखून त्यांनी भाव मांडला होता. बाजाराचा याहून नेमका अभ्यास काय असतो? निबंध परत आला तेव्हा वर लाल शाईत शेरा होता की विषय उत्तम, पण हे कामगार चळवळीत मोडतं, उद्योजकतेत नाही. मार्क पन्नासपैकी बावीस.

शेरा अगदीच चूक होता असं आज मला वाटत नाही. संपाने भाव मिळवला, कारखाना उभा केला नाही. पण लग्नगडी सुटला नसता तर त्याचा पणतू वर्गात रिंगा फेकायला आलाच नसता, आणि हे अभ्यासक्रमाच्या कुठल्या प्रकरणात बसवायचं, ते मला कोणी सांगितलं नाही.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चिकूच्या फोडी वाळवायच्या सौर ड्रायरचा होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण उतरलेलं फळ चार दिवसांत मऊ पडतं. माझा ड्रायर चालतो. तीन पावसाळी दिवस सोडले तर व्यवस्थित चालला. असे सहा बनवायचे तर पैसे हवेत, म्हणून एका बँकेत गेलो. सातबारा बघून साहेब म्हणाले, आदिवासी खात्याची जमीन आहे, तारणाला अडचण येईल. १९७४ च्या कायद्याने आमची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही. त्याच कायद्यामुळे ती आमच्याकडे राहिली आणि त्याच कायद्यामुळे बँकेला ती नको. साहेबांनी दोन जामीनदार आणायला सांगितले.

फॉर्म घेऊन घरी आलो. बाबा म्हणाले, मी सही करतो. आजी चुलीपाशी बसली होती. तिने विचारलं, दुसरा कोण? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. मग तिने विचारलं, पैसे फिटले नाहीत तर सही करणाऱ्याला काय करावं लागतं? मी हप्ता, व्याज, नोटीस सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"त्याच्या बायकोलाही जावं लागतं का?"

नाही, म्हटलं. तिने मान हलवली आणि कागद मागितला. तिला वाचता येत नाही. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथे पाड्यावरच्या दहा जणांची नावं का नाही चालत?

मी उद्या बँकेत तेच विचारणार आहे. साहेब काय म्हणतील याचा अंदाज आहे, म्हणून बचत गटाच्या नोंदणीचे कागदही पिशवीत घेतलेत.