तौबा: क्षमा देवाची, साक्ष माणसांची

मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीत एका खांबाला आजही तौबेचा, म्हणजे पश्चात्तापाचा, खांब म्हणतात. सध्याचा खांब नंतरच्या बांधकामातला. पण जागेची आठवण इ.स. ६२७ ची आहे. बनू कुरैझा या ज्यू टोळीला मुसलमानांचा वेढा पडला असताना अबू लुबाबा हे मदिनेचे रहिवासी वेढ्यात सापडलेल्यांशी बोलायला गेले. शरण आलो तर काय होईल, असे त्यांनी विचारले, तेव्हा अबू लुबाबांनी गळ्यावरून हात फिरवून उत्तर दिले. आपण आपल्याच माणसांचा विश्वासघात केला, हे त्यांना त्याच क्षणी उमगले. घरी न जाता ते थेट मशिदीत गेले आणि त्यांनी स्वतःला खांबाला बांधून घेतले. इब्न हिशामने संपादित केलेल्या पैगंबरचरित्रानुसार ते सहा रात्री तसेच होते. नमाजाच्या वेळी पत्नी येऊन सोडायची आणि नमाज झाला की ते पुन्हा बांधून घ्यायचे. क्षमा मिळाल्याची वार्ता आली तेव्हा लोक दोर सोडायला धावले. पण पैगंबरांनी स्वतःच्या हाताने सोडल्याशिवाय सुटणार नाही, यावर ते ठाम राहिले. अपराधाची माफी अल्लाहकडे मागायची होती; ती मागायला निवडलेली जागा मात्र सगळा गाव पाच वेळा जिथे जमतो ती होती.

इस्लाममधल्या क्षमायाचनेविषयी नेहमी सांगितले जाते की हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला सरळ व्यवहार आहे, मध्ये पुरोहित नाही. हे खरेच आहे. कुराणात आदमची चूक त्याच्या हयातीतच माफ होते, तिचे ओझे पुढच्या पिढ्यांवर येत नाही. फर्ज नमाजानंतर तीनदा ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणावे असे हदीस सांगते, आणि ते म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. पश्चिम युरोपात १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी पाद्र्यासमोर पापांची कबुली द्यावी, असा नियम केला. इस्लाममध्ये असा नियम लादू शकेल अशी संस्थाच उभी राहिली नाही. उलट, देवाने झाकलेले आपले पाप चारचौघांत सांगत सुटणे हदीसने निंद्य ठरवले. पण एवढ्यावरून क्षमा ही निव्वळ खासगी बाब आहे आणि समाजाचा तिच्याशी संबंध नाही असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. तौबेचा प्रश्न जिथे जिथे ऐरणीवर आला, तिथे समाज हजर होता: कधी साक्षीदार म्हणून, कधी धनको म्हणून, कधी आधार म्हणून.

साक्षीदाराची भूमिका सर्वांत स्पष्ट दिसते ती काब इब्न मालिक यांच्या हकिकतीत. बुखारीच्या हदीससंग्रहात ती त्यांच्याच तोंडून आली आहे. इ.स. ६३० मध्ये, ऐन उन्हाळ्यात, पैगंबर तबूकच्या मोहिमेवर निघाले. काब धडधाकट होते, सांडणीही तयार होती. पण आज निघू, उद्या निघू करता करता मोहीम पुढे गेली आणि ते मागे राहिले. सैन्य परतल्यावर मागे राहिलेल्या ऐंशीहून अधिक जणांनी सबबी सांगितल्या आणि त्या ऐकून घेतल्या गेल्या. काब आणि आणखी दोघांनी सबब सांगितली नाही, चूक कबूल केली. शिक्षा झाली ती या तिघांना: त्यांच्याशी कुणी बोलायचे नाही. काब बाजारात जात, सलाम करत, उत्तर येत नसे. चुलतभावाच्या बागेची भिंत चढून त्यांनी त्याला गाठले. तोही बोलला नाही. अशात घस्सानच्या राजाचे पत्र आले की तुमचा अपमान होतो आहे, आमच्याकडे या. काबांनी ते भट्टीत टाकले. पन्नासाव्या पहाटे ते घराच्या छतावर नमाज पढून बसले असताना डोंगरावरून हाक आली, क्षमा झाली. वार्ता आणणाऱ्याला त्यांनी अंगावरचे कपडे काढून दिले आणि मशिदीत जायला दुसऱ्याचे कपडे उसने घेतले. मशिदीत तल्हा उठून धावत आले आणि त्यांनी हात हातात घेतला. तल्हांचे ते उठणे आपण कधी विसरलो नाही, असे काब सांगतात. क्षमेची आयत वरून आली, तरी माणूस पुन्हा माणसांत आला तो त्या एका हस्तांदोलनाने.

पैगंबरांनंतर हाच प्रश्न राजकारणाचा झाला. इ.स. ६५७ च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर खलीफा अलींनी लवादाला मान्यता दिली, तेव्हा त्यांच्यातूनच फुटलेल्या खारिजींनी त्यांच्याकडेच तौबेची मागणी केली. महापाप करणारा इस्लामबाहेर जातो, असे त्यांच्यातल्या कडव्या गटांचे मत होते. मुर्जिया गटाचे लोक म्हणत, निवाडा देवावर सोडा. बसऱ्याच्या वासिल इब्न अताने पाप्याला श्रद्धावंत आणि काफिर यांच्यामधल्या जागी बसवले. बहुसंख्य सुन्नी विद्वान अखेर ज्या मतावर स्थिरावले ते असे: पापी हा पापी असला तरी मुसलमानच राहतो आणि मरेपर्यंत परतीचे दार उघडे असते. हा वाद वरवर पाहता ईश्वरशास्त्राचा होता. प्रत्यक्षात पाप्याच्या पंक्तीला बसायचे का, त्याचा जनाजा उचलायचा का, याचा तो निर्णय होता. या वादाच्या सुरुवातीच्या काळातच कूफ्यात सामुदायिक तौबाही घडली. पैगंबरांचे नातू हुसैन यांना पत्रे पाठवून बोलावणारे आणि ६८० मध्ये ते करबलाला मारले गेले तेव्हा घरात बसून राहिलेले लोक सुलेमान इब्न सुरद यांच्याभोवती जमले. स्वतःला ते ‘तव्वाबून’, म्हणजे तौबा करणारे म्हणवत. हुसैनच्या कबरीपाशी ते रडले आणि ६८५ च्या आरंभी ऐन-अल-वर्दाला बलाढ्य उमय्यद सैन्यावर चालून गेले. त्यांतले बहुतेक तिथेच पडले. दिलेला शब्द मोडल्याचा अपराध नुसत्या प्रार्थनेने धुतला जाईल, असे त्यांना वाटले नव्हते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो जुना आहे. देव इतका क्षमाशील असेल आणि क्षमा मागणे इतके सोपे असेल, तर पाप करायला मोकळीकच नाही का? या प्रश्नाला सर्वांत पक्के उत्तर धर्मशास्त्रज्ञांनी दिले, आणि त्यातच समाज धनको म्हणून पुढे येतो. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातले मानाचे पद सोडून निघून गेलेल्या इमाम गजालींनी ‘इह्या उलूम अल-दीन’ या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथाचा शेवटचा चतुर्थांश तौबेपासून सुरू केला. तेराव्या शतकातल्या दमास्कसच्या इमाम नववींनी ‘रियाद अस-सालिहीन’मध्ये अटी थोडक्यात मांडल्या: पाप सोडणे, झाल्याचा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि अपराध माणसाचा असेल तर चौथी अट, ज्याचे त्याला परत करणे. पैसा घेतला असेल तर पैसा, अब्रू घेतली असेल तर माफी. हदीसनुसार हुतात्म्याचेही सारे माफ होते, फक्त कर्ज होत नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण ते सांगितले आहे: जो नमाज-रोज्यांची पुण्याई घेऊन येतो, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचे खाल्लेले, कुणाला मारलेले असते. त्याची पुण्याई एकेका धनकोला वाटली जाते, आणि ती संपली की धनकोंची पापे त्याच्या माथी येतात. वाटमाऱ्यांविषयीचा कायदाही याच धर्तीचा आहे. पकडले जाण्यापूर्वी तौबा करणाऱ्याला ईश्वरी दंडातून सूट मिळे, पण मारलेल्याच्या वारसांचा आणि लुटलेल्याचा हक्क कायम राही. पाठीमागे केलेल्या निंदेचे काय, यावर तर विद्वानांत मतभेद होते. गजाली म्हणत, त्या माणसाकडे जाऊन माफी मागा. इतर काहींचे म्हणणे, सांगून त्याला नव्याने कशाला दुखवायचे. त्याच्यासाठी दुआ करा, जिथे निंदा केली तिथेच त्याचे चांगले बोला. दोन्ही मतांत दुखावलेला माणूस केंद्रस्थानी आहे.

समाज आधार कसा झाला, हे हिंदुस्थानात पाहायला मिळते. चिश्ती या सूफी सिलसिल्यात मुरीद, म्हणजे शिष्य, होण्याची पहिली पायरीच तौबा होती. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया सरसकट सर्वांना मुरीद करून घेत, आणि हे इतिहासकार जियाउद्दीन बरनीला खटकले. निजामुद्दीनांचे चरित्रकार मीर खुर्द यांनी बरनीची ही शंका आणि तिचे उत्तर नोंदवले आहे. उत्तराचा आशय असा: मुरीद झालेले पुष्कळ लोक पापापासून दूर राहतात, नमाजाला येतात असे ऐकतो, आधीच कडक अटी घातल्या तर एवढ्यालाही ते मुकतील. बरनी स्वतः लिहितो की शहरापासून निजामुद्दीनांच्या गियासपूरपर्यंतच्या वाटेवर लोकांनी चौथरे बांधले, वर छप्परे घातली, पाण्याचे माठ भरून ठेवले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नमाज पढता यावा. आणि एकमेकांच्या लाजेने उघड पाप कमी झाले. बरनीच्या लेखणीला अतिशयोक्तीची सवय आहे. पण एकमेकांची लाज हे त्याने सांगितलेले कारण पटण्यासारखे आहे. एकट्याने केलेला निश्चय चार दिवस टिकतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असलेला निश्चय जास्त टिकतो.

याच वर्तुळातली माणसे पुढे आपल्या वेरूळजवळच्या खुलदाबादेत विसावली. निजामुद्दीनांची संभाषणे टिपून ठेवणारा अमीर हसन सिजझी पन्नाशी ओलांडल्यावर मुरीद झाला होता. मुहंमद तुघलकाच्या काळात तो दौलताबादला आला, त्याची कबर खुलदाबादेत आहे. १३३७ मध्ये वारलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गाही तिथेच आहे. या बुऱ्हानुद्दीनांवर दिल्लीत गुरूंची एकदा गैरमर्जी झाली. म्हातारपणामुळे ते घोंगडी दुमडून तिच्यावर बसत. ते स्वतःच पीर असल्यासारखे बसतात, असे कुणीतरी गुरूंच्या कानावर घातले. निजामुद्दीन त्यांच्याशी बोलेनात. ते घरी जाऊन शोक करत बसले. अखेर अमीर खुस्रो पगडी गळ्यात घालून, म्हणजे अपराध्याच्या वेषात, गुरूंपुढे उभा राहिला आणि मित्रासाठी माफी मागितली. ती मिळाल्यावर दोघे मिळून पुन्हा त्याच वेषात गेले. ही क्षमा देवाची नव्हे, गुरूची. पण शब्द टाकायला मित्र लागतो आणि माफी मागायला समोर जावे लागते, ही रीत त्या जगाने दोन्हीकडे सारखीच पाळली.

यावर दुसरा आक्षेप येईल: पीर आला म्हणजे मध्यस्थ आला, आणि गर्दी आली म्हणजे देखावा आला. सुधारकांनी हे शतकानुशतके बजावले आहे. मालिकी पंथाचे तुर्तूशी (मृत्यू ११२६) लिहितात की क्षमेची रात्र मानल्या जाणाऱ्या शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्रीची सामुदायिक नमाज जेरुसलेमला हिजरी ४४८ मध्ये, म्हणजे इ.स. १०५६ च्या सुमारास, सुरू झाली. नाब्लूसहून आलेला, सुरेल पठण करणारा एक माणूस अक्सा मशिदीत एकटा उभा राहिला. त्याच्यामागे एक जण उभा राहिला, मग दुसरा, तिसरा. नमाज संपेपर्यंत जमाव झाला होता. पुढच्या वर्षी तो आणखी वाढला. तुर्तूशींच्या दृष्टीने ही घुसडलेली प्रथा होती. आपल्याकडे त्याच रात्रीच्या, म्हणजे शब-ए-बरातच्या, हलव्यावर आणि आतषबाजीवर देवबंदच्या अश्रफ अली थानवींनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये टीका केली, तीही याच परंपरेतली. देखाव्याचा धोका खराच आहे, राजेही त्यापासून सुटले नाहीत. १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी बाबराने दारू सोडली, सोन्याचांदीचे प्याले फोडून गरिबांना वाटले, गझनीहून उंटांवर आलेल्या दारूत मीठ टाकून तिचा शिरका करवला आणि फर्मान काढले. लढाईच्या तोंडावर सैन्याचे मनोधैर्य उंचावण्याचा हेतू त्यात उघड होता. पण त्याच बाबराने दोन वर्षांनी आपला जुना सरदार ख्वाजा कलान याला लिहिले की दारूच्या ओढीने डोळ्यांत पाणी येई. हजारोंसमोर घेतलेली शपथ त्याला मोडता आली नाही. सुधारकांचा राग होता तो धर्मात नसलेल्या विधींवर. ज्याचे घेतले त्याचे परत करा, ज्याला दुखावले त्याला भेटा, हा भाग त्यांनीही कधी वगळला नाही.

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातून कुणी हजला निघाला की आधी देणी फेडतो, मग नात्यागोत्यात, शेजारीपाजारी, दुकानदारांकडे फिरून ‘कहा-सुना माफ करो’ म्हणतो. मक्केला जाऊन देवाची क्षमा मागायची, तर आधी गल्लीतल्या माणसांची मागावी लागते. या धर्मातल्या क्षमेला सोपी म्हणणाऱ्याने ही फेरी जमेस धरली पाहिजे. आणि ती केवळ खासगी बाब आहे असे सांगणाऱ्यानेही.