कांचपात्रांतील कासव

धंतोलीतील एखाद्या दिवाणखान्यांत कांचेच्या पात्रांत जुन्या रुपयाएवढें हिरवें कासव आढळलें आणि त्याच्या डोळ्यामागें तांबडा पट्टा असला, तर तो पाहुणा नाग नदीचा नव्हे, मूळचा मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतला आहे. बहुतेक देशी कासवें घरीं बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे.

अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या मध्यास हीं पिलें किरकोळ दुकानांतून खेळण्यांसारखीं विकलीं जात. बहुतेक लवकरच मरत. पण कायदा झाला तो त्यांच्या कींवेपोटीं नव्हे. त्यांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंनीं मुलें आजारी पडूं लागलीं, तेव्हां १९७५ सालीं चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री तेथें बंद करण्यांत आली. कासव हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, तें यासाठीं.

पिलें मरत तीं बहुधा पाळणाऱ्याच्या अज्ञानामुळें. पिलाला पाण्याबाहेर कोरड्यावर चढून ऊन घेतां आलें पाहिजे. ऊन व अन्नांतील कॅल्शियम यांवांचून कवच मऊ पडतें. तें पाण्यांतच गिळतें, म्हणून खाद्य पाण्यांत टाकावें: लहानपणीं गांडुळें, बारीक मासे, वयाबरोबर पालेभाजी वाढवावी. नुसत्या भातशितांवर ठेवणें म्हणजे उपाशीच ठेवणें! आपल्या डिसेंबरांत तें गारठून अन्न सोडतें. मे महिन्यांत उन्हांतलें पात्र त्याला अक्षरशः शिजवतें.

जगलें तर तें वीस-तीस वर्षें जगतें, ताटलीएवढें होतें. मग पुण्य म्हणून अंबाझरींत सोडण्याचा मोह होतो. पण तेथें तें देशी कासवांचें अन्न आणि जागा बळकावील. त्यापेक्षां मोठी टाकी घ्यावी.